धुळवडीचा माल : वुहानची बातमी आणि ब्रॉयलरची शेड, जानेवारी ते मे २०२०

ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबडीच्या, धंद्यात तारीख उलटी मोजतात. आधी विक्रीचा दिवस ठरतो, मग पिल्लू कधी टाकायचे ते. महाराष्ट्रात चिकनचे दोन दिवस सगळ्यांत मोठे, गटारी आणि धुळवड. २०२० साली धुळवड १० मार्चला होती. पक्षी दोन किलोच्या वर जायला साधारण चाळीस दिवस लागतात, म्हणून धुळवडीच्या मालाचे पिल्लू ३० जानेवारीच्या आसपास शेडमध्ये यायला हवे. अंड्यातून पिल्लू निघायला २१ दिवस, त्यांतले अठरा सेटर या उबवणीच्या मशीनमध्ये आणि शेवटचे तीन हॅचर या पिल्ले निघण्याच्या मशीनमध्ये. म्हणजे ती अंडी ९ जानेवारीच्या सुमाराला मशीनमध्ये लागलेली असणार.

९ जानेवारीला जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की वुहानमधल्या न्यूमोनियामागे नव्या प्रकारचा कोरोना विषाणू असावा असे चीनच्या तपासात प्राथमिक पातळीवर दिसते आहे. ३० जानेवारीला संघटनेने आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि त्याच दिवशी केरळात भारतातला पहिला रुग्ण सापडला. ९ मार्चला, ऐन होळीच्या दिवशी, पुण्यात राज्यातल्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी धुळवड.

तारखा अशा जुळल्या हा योगायोग. पण या प्रकरणाचा सांगाडा त्यांतून स्पष्ट दिसतो. अंडी लागली तेव्हा बातमी परदेशाची होती, पिल्लू टाकले तेव्हा ती केरळात आली होती आणि माल तयार झाला तेव्हा ती शेजारच्या जिल्ह्यात होती. या साठ दिवसांत बातमी कुठल्या कुठे गेली, पण शेडमधली साखळी मागे फिरवण्याची सोय कुठेच नव्हती. चिकन खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा उठली होती; कोंबडीमुळे हा आजार पसरत नव्हता. तरीही महाराष्ट्रातल्या खेड्यांत महामारीचा पहिला आर्थिक फटका कोंबडीवाल्याला बसला, तोही गावात एकही रुग्ण नसताना.

शेडचा हिशेब

पुढचे सगळे समजायला एक शेड डोळ्यांसमोर हवी. हिशेबासाठी ५,००० पक्ष्यांची, बाजूंनी जाळी असलेली उघडी शेड धरू. पक्ष्याला एक चौरस फूट या हिशेबाने पाच-साडेपाच हजार चौरस फूट जागा, खाली भाताचे तूस, पहिले आठ-दहा दिवस ब्रूडिंगची ऊब. आकडे त्या हंगामातल्या भावांना धरून गोल केलेले आहेत.

पिल्लू ३० रुपयांना, म्हणजे दीड लाख. मर पाच टक्के धरली तर ४,७५० पक्षी विक्रीला उरतात. एक पक्षी चाळीस दिवसांत साधारण साडेतीन किलो खाद्य खातो आणि २.१ किलोचा होतो. मेलेल्या पक्ष्यांनी खाल्लेले धरून एकूण खाद्य १६,८०० किलो. त्या वेळी मका महाग असल्याने खाद्य किलोला ३२ रुपये धरले, तर त्याचेच ५ लाख ३७ हजार होतात. लस-औषध पक्ष्यामागे सहा रुपये, तूस, वीज, कोळसा आणि मजुरी मिळून आठ रुपये, म्हणजे आणखी ७० हजार. एकूण खर्च साडेसात लाखांच्या थोडा वर, तयार माल दहा टनांच्या आत-बाहेर. किलोला ७६ रुपये पडले.

मार्चच्या मध्याला राज्यात बऱ्याच ठिकाणी शेडवरचा भाव दहा ते वीस रुपयांत आला होता. १५ रुपये धरले तर दहा टनांचे दीड लाख होतात. एका बॅचमध्ये सहा लाख गेले. चांगल्या बॅचमध्ये किलोला पाच-दहा रुपये सुटतात, म्हणजे ही एक बॅच भरून काढायला स्वतःच्या पैशाने धंदा करणाऱ्याला सहा ते बारा चांगल्या बॅचा लागणार. वर्षाला बॅचा होतात पाच-सहा.

अफवा चिकटली कशी

फेब्रुवारीत व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरत होते त्याचा साचा ठरलेला होता. आजारी किंवा मेलेल्या कोंबडीचा फोटो, खाली एखाद्या मोठ्या शहराचे नाव, ‘ब्रॉयलरमध्ये कोरोना सापडला’ असे वाक्य आणि सगळ्यांना पाठवा ही विनंती. कोंबडीच्या डॉक्टरला असा फोटो पाहून राणीखेत किंवा गंबोरो हे कोंबडीचे नेहमीचे आजार आठवतात, बाकीच्यांना टीव्हीवरचा वुहानचा बाजार.

तो बाजार १ जानेवारीलाच बंद झाला होता. पण पिंजऱ्यांतल्या प्राण्यांची दृश्ये पुढे महिनोन्‌महिने दाखवली जात होती. प्राण्यांच्या बाजारातून आलेला, फुप्फुसाला होणारा, चीनचा रोग ही जागा ग्रामीण महाराष्ट्राच्या डोक्यात आधीपासून भरलेली होती. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला आणि पांढरे पोशाख घातलेली माणसे पोती भरभरून कोंबड्या खड्ड्यात टाकताना साऱ्या राज्याने पाहिली. कोरोना आला तो त्या चित्रात जाऊन बसला. त्यामुळे अफवा पसरवणाऱ्याला फारसे पटवावे लागले नाही, आठवण करून दिली की काम भागत होते.

दुसरी अडचण शास्त्रातली, आणि ती त्या वेळी फार कोणी उघडपणे सांगितली नाही. कोंबडीला कोरोना विषाणूचा आजार होतो. इन्फेक्शियस ब्राँकायटिस नावाचा श्वसनाचा आजार पोल्ट्रीत १९३०च्या दशकापासून ठाऊक आहे. तो ज्या विषाणूमुळे होतो तो कोरोना कुळातलाच, पण गॅमा गटातला. माणसाला त्याची बाधा होत नाही. कोविडचा विषाणू बीटा गटातला. अंड्यावरच्या कोंबड्यांना ब्राँकायटिसची लस नेहमी देतात, तेव्हा शेडवर काम करणाऱ्याने पशुवैद्यकाच्या पुस्तकात किंवा लसीच्या माहितीपत्रकात ‘कोरोना’ हा शब्द आधी वाचलेला असणे अगदी शक्य होते. ‘कोंबडीचा आणि कोरोनाचा काही संबंध नाही’ हे सरसकट विधान अशा माणसासमोर टिकत नाही. ‘कोंबडीचा कोरोना वेगळा, तो गेली नव्वद वर्षे आहे आणि माणसाला होत नाही’ हे टिकले असते. दोन वाक्ये जास्त लागतात, पण ज्याच्या जवळ कोंबड्या आहेत त्याला शेजाऱ्याशी बोलताना नेमकी तीच लागतात.

सरकारी खुलाशाची भाषा बरोबर होती, पण ती ऐकणाऱ्यापर्यंत पोचली नाही. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने फेब्रुवारीतच सांगितले, की कोंबडीतून हा संसर्ग झाल्याचा जगात कुठेही पुरावा नाही. ‘पुरावा नाही’ हे शास्त्रज्ञाच्या तोंडी ठाम वाक्य असते. बाजारातल्या माणसाला ते ‘अजून सापडलेला नाही’ असे ऐकू येते. कोंबडीला विषाणू मुद्दाम देऊन पाहण्याचे प्रयोग चीनच्या हार्बिनमधल्या पशुवैद्यक संस्थेने आणि जर्मनीच्या फ्रीडरिश-लोफ्लर संस्थेने केले. त्यांत कोंबडीला लागण झाली नाही. हे निष्कर्ष लोकांसमोर आले एप्रिलमध्ये. धुळवड कधीच होऊन गेली होती.

२८ फेब्रुवारीला हैदराबादेत तेलंगणाच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर चिकन खाऊन दाखवले. देशभर ठिकठिकाणी चिकन महोत्सव झाले. फुकट किंवा नाममात्र दरात ताट मिळते म्हटल्यावर गर्दी होतेच, पण घरी चिकन शिजणार की नाही हे ज्या घरात ठरते तिथल्या बाईला मंत्र्याचा घास पाहून काय फरक पडतो? तिचा हिशेब सरळ आहे. आठवड्याला एकदा येणारे चिकन महिनाभर आणले नाही तर घराचे काही अडत नाही, आणले आणि लेकराला काही झाले तर सगळे तिच्या माथी. धोका शून्य आहे की नगण्य, याने तिचे उत्तर बदलत नाही. हा निर्णय अडाणीपणाचा होता असे म्हणणाऱ्यांनी तेव्हा स्वतःच्या घरी काय चालले होते ते आठवून पाहावे.

अफवेला खरा दुजोरा मिळाला तो तिच्याच परिणामांतून. मागणी घटली, भाव पडला. भाव पडला म्हणून टेम्पोत भरून शंभर रुपयांना तीन-चार कोंबड्या अशी हाळी सुरू झाली. एरवी दोनशेच्या आसपास जाणारा एक पक्षी पंचवीस-तीस रुपयांत मिळतो म्हटल्यावर गिऱ्हाईक म्हणते, यात काहीतरी काळेबेरे आहे. काही ठिकाणी पक्षी फुकट वाटले गेले, तिथे संशय आणखी वाढला. पिल्ले खड्ड्यात पुरल्याचे व्हिडिओ आले. ती पुरली होती खाद्याला पैसे नव्हते म्हणून, पण पाहणाऱ्याला २००६ दिसले. पोल्ट्रीवाल्याने नुकसान कमी करायला जे जे केले ते पुराव्यासारखे दिसले.

विकायचे की थांबायचे

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक शेडवर हाच प्रश्न होता, आणि बहुतेकांनी उत्तर काढताना चुकीचा आकडा धरला. ७६ रुपये पडलेला माल १५ला कसा द्यायचा, म्हणून थांबले. पण ते ७६ खर्च होऊन गेलेले असतात. थांबण्याचा निर्णय उद्याच्या खर्चावर करायचा असतो.

चाळिसाव्या दिवशी ४,७५० पक्षी दिवसाला प्रत्येकी १९० ग्रॅम खातात, म्हणजे ९०० किलो खाद्य, जवळपास २९ हजार रुपये. त्या दिवसात पक्षी ९० ग्रॅमने वाढतो, शेडचे वजन ४२७ किलोने. १५ रुपये भावाने त्या वाढीची किंमत ६,४०० रुपये. थांबल्याचा रोजचा निव्वळ तोटा साडेबावीस हजार. माल दहा टन असल्यामुळे तो भरून निघायला भाव रोज किमान सव्वादोन रुपयांनी चढला पाहिजे, तोही लागोपाठ. पंधरा दिवस थांबणाऱ्याने मनात धरायला हवे होते, की भाव पंधरा दिवसांत पन्नासच्या जवळ जाईल. प्रत्यक्षात तो आणखी खाली गेला.

वय वाढते तसे हे गणित बिघडते. या पूर्ण बॅचचा एफसीआर १.६८ येतो, म्हणजे एक किलो वजनाला १.६८ किलो खाद्य. पण चाळिसाव्या दिवसानंतरच्या एका किलोला दोनच्या वर खाद्य जाते आणि पन्नाशीकडे ते अडीचकडे सरकते. शिवाय मार्चअखेरीस दुपार ३८ अंशांवर जाते. दोन किलोच्या पक्ष्याला पुरणारी एक चौरस फूट जागा तीन किलोच्या पक्ष्याला पुरत नाही. हवा खेळत नाही, पक्षी चोच उघडून धापा टाकतात आणि दुपारी चार-पाचच्या सुमाराला शेडच्या मधल्या पट्ट्यात मर सुरू होते. ज्यांना माल ठेवणे भागच होते त्यांनी अकरा ते चार खाद्याची भांडी उचलून ठेवली, खाद्य पहाटे आणि रात्री दिले, जाळीला ओले पोते बांधले. हे जमते. खाद्य निम्म्यावर आणून पक्षी ‘जगवत ठेवणे’ मात्र ब्रॉयलरला मानवत नाही. हा पक्षी सतत खात राहण्यासाठीच घडवलेला आहे. भांड्यावर झुंबड होते, पाठी ओरबाडल्या जातात, मोठा आणखी मोठा होतो आणि लहान मागे पडतो. शेवटी व्यापाऱ्याला एकसारखा माल दाखवता येत नाही. नुसता मका भरडून घातला तरी तेच, कारण प्रथिने कमी पडली की वाढ खुंटते आणि चरबी चढते.

बत्तीस-पस्तीस दिवसांतच, दीड किलोच्या आसपास माल काढून टाकणारे सर्वांत कमी बुडाले. भाव तोच पडका होता, पण त्यांनी शेवटच्या आठवड्याचे खाद्य वाचवले, आणि त्या एका आठवड्यातच बॅचचे पाव ते तिसरा हिस्सा खाद्य जाते.

याच गणिताने पिल्लांचे काय झाले तेही कळते. समजा एक दिवसाचे पिल्लू फुकट मिळाले. त्याला मोठे करायला खाद्य ११२ रुपयांचे आणि बाकी खर्च १४ रुपयांचा, एकूण १२६. १५ रुपये भावाने २.१ किलोचे मिळणार ३१. फुकटचे पिल्लू घेऊनही पक्ष्यामागे ९५ रुपये तोटा. म्हणून हॅचऱ्यांतून निघालेली पिल्ले कोणी उचलेना. हॅचरीवाल्यांनी उबवणीची अंडी खाण्याच्या बाजारात सोडली. पंधरा-अठरा अंशांच्या खोलीत आठवडाभर ठेवली तर उबवण फारशी घटत नाही, त्यापुढे घटत जाते, त्यामुळे साठवून वाट पाहायची म्हटली तरी ती आठवड्याभराचीच. ज्या कोंबड्या ही अंडी देतात त्या मातृपक्ष्यांचे कळप काहींनी मुदतीआधी विकले. या कोंबडीला अंड्यावर यायला चोवीस आठवडे लागतात. एका रात्रीत विकलेला कळप परत उभा करायला निम्मे वर्ष जाते.

अंड्यावरच्या कोंबडीवाल्यांची गत वेगळी होती, पण बरी म्हणावी अशी नव्हती. लेअर दिवसाला ११० ग्रॅम खाते आणि भाव काहीही असो, अंडे देते. तिथे बॅच संपवून मोकळे होता येत नाही. वय झालेल्या कोंबड्या लवकर काढून खाद्य वाचवणे एवढेच हातात होते, आणि त्या कोंबड्यांनाही गिऱ्हाईक चिकनचेच.

पुरण्याचा प्रश्न

पक्षी नष्ट करण्याची पद्धत बर्ड फ्लूच्या सरकारी आराखड्यात दिलेली आहे. दोन मीटर लांब, दोन रुंद, दोन खोल खड्ड्यात साधारण १,८०० पक्षी मावतात. वर चुना, मग माती. जागा विहीर-ओढ्यापासून दूर आणि कुत्री उकरणार नाहीत अशी. २०२० मध्ये अनेकांनी जेसीबी बोलावून लांब चर खणले आणि वर जेमतेम फूटभर माती ओढली. पावसाळ्याआधी वास सुटला तो त्यामुळे.

भरपाईबाबतची विसंगती खरी बोचणारी आहे. बर्ड फ्लूमुळे सरकारी आदेशाने पक्षी मारले, तर केंद्र-राज्य मिळून भरपाई देतात. सहा आठवड्यांवरच्या मांसल कोंबडीला ७० रुपये, अंड्यावरच्या कोंबडीला ९० असा दर होता. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला सुमारे आठशे कोंबड्या मेल्या, तपासणीत बर्ड फ्लू निघाला, एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी नष्ट केले गेले आणि ही तरतूद लागू झाली. २०२० मध्ये रोग नव्हता, आदेश नव्हता. म्हणून भरपाईचे कलमही नव्हते. विमाही कामाचा नाही, पोल्ट्रीचा विमा आग, वादळ आणि रोगाने झालेल्या मरीवर मिळतो, भाव पडण्यावर नाही. खरा रोग आला असता तर सहा आठवड्यांवरचा माल अडकलेल्या शेतकऱ्याची स्थिती कागदोपत्री बरी राहिली असती, हे वाक्य लिहायला विचित्र वाटते, पण हिशेब तोच सांगतो.

करारवाले

राज्यातल्या बऱ्याच ब्रॉयलर शेड कराराच्या आहेत. कंपनी पिल्लू, खाद्य, औषध देते, सुपरवायझर येतो, शेतकरी शेड, पाणी, वीज, तूस आणि राबणूक देतो. माल उचलल्यावर किलोमागे पाच-सात रुपये ग्रोइंग चार्ज मिळतो. भाव पडला तर तोटा कंपनीचा, असे कागदावर असते. म्हणून मार्चच्या सुरुवातीला करारवाला शेतकरी निर्धास्त होता.

त्याला फटका बसला तो तीन आडवाटांनी. पहिली, उचल लांबली. चाळिसाव्या दिवशी येणारी गाडी पन्नासाव्या दिवशीही येईना. त्या दहा दिवसांत एफसीआर बिघडतो, उन्हाने मर वाढते, आणि ग्रोइंग चार्ज उत्पादन खर्चाच्या पायऱ्यांवर ठरत असल्याने किलोचा दर खाली घसरतो. उशीर कंपनीचा, कपात शेतकऱ्याची. दुसरी, काहींचे ग्रोइंग चार्ज थकले. तिसरी सर्वांत जड, नवे पिल्लूच आले नाही. दोन बॅचमध्ये पंधरा-वीस दिवस शेड रिकामी ठेवायची असते, ती दोन-अडीच महिने रिकामी राहिली. शेडचे बँकेचे हप्ते चालूच होते.

यावर शेतकऱ्याच्या हाती शस्त्र एकच, नोंद. शेडमधल्या वहीत चाळिसाव्या दिवसाचे सरासरी वजन, त्या दिवसापर्यंतचे खाद्य आणि मर लिहून सुपरवायझरची सही घेतली असेल, तर पुढच्या दहा दिवसांचा बिघाड वेगळा काढून दाखवता येतो. सरासरी वजनासाठी शेडच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून मिळून शंभर पक्षी तोलावे लागतात, दाराजवळचे दहा धरून भागत नाही. सही नसेल तर निदान तारखेसह व्हॉट्सअ‍ॅपवर तोच तपशील पाठवून ठेवावा.

२४ मार्चनंतर

मागणी घटली होती तोवर माल निदान हलत होता. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूनंतर आणि २४च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी लागल्यावर तोही थांबला. केंद्राच्या आदेशात मटण-मासळीची दुकाने आणि पशुखाद्य यांना पहिल्या दिवसापासून सूट होती. नाक्यावर मात्र सूट गाडी पाहून ठरत होती. खाद्याच्या पोत्यांनी भरलेला ट्रक सुटायचा, तोच ट्रक रिकामा परत येताना अडायचा, कारण रिकाम्या गाडीत जीवनावश्यक काय आहे ते दाखवता येत नाही. पिल्लांच्या गाडीचे हाल त्याहून वाईट. एक दिवसाचे पिल्लू पोटातल्या बलकावर दोन-तीन दिवस तग धरते, पण एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीत नाही. पोल्ट्री फार्म आणि हॅचरी ही नावे घेऊन स्पष्ट परवानगी आली ती १५ एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांत, २० एप्रिलपासून लागू. जिल्हाबंदी, बारदान नाही, खाद्य गिरणीत माथाडी कामगार नाहीत, हे सगळे वेगळेच.

मक्यापर्यंत पोचलेली झळ

ज्याच्या शेतात कोंबडी नव्हती त्यालाही हे प्रकरण शिवले. कोंबडीखाद्यात साठ टक्क्यांच्या आसपास मका असतो आणि त्या वेळी देशातला निम्म्याहून जास्त मका खाद्यातच जात होता. २०१९च्या खरिपात लष्करी अळीने पीक खाल्ल्याने मका टंचाईत होता आणि जानेवारीत क्विंटलला दोन हजारांच्या आसपास गेला होता. शेड रिकाम्या झाल्या तसे खाद्य गिरण्यांनी खरेदी आवरली, आणि येवला, सिल्लोड, जळगाव या पट्ट्यात रब्बीचा मका बाजारात आला तेव्हा भाव हजार-बाराशे ते चौदाशेच्या दरम्यान लोळत होते. त्या वर्षीचा हमीभाव १,७६० रुपये. कोंबडी खाल्ल्याने काय होते यावर ज्याने कधी विचारही केला नव्हता अशा माळकरी शेतकऱ्याला क्विंटलमागे सहा-सातशे रुपये कमी मिळाले, ते वुहानच्या एका बाजाराच्या दृश्यांमुळे.

पोल्ट्रीच्या बाजूने पाहिले तर हीच मंदी पुढच्या बॅचची सोय ठरली. मका सातशे रुपयांनी उतरला की खाद्य किलोला चार रुपयांनी उतरते. ३२चे २८ झाले. फुकट पिल्लू धरून एका पक्ष्याचा खर्च १२६ वरून ११२वर आला, किलोला ५३ रुपये. मार्चअखेरीस पिल्लू दोन-चार रुपयांत मिळत होते. चाळीस दिवसांनी भाव ५५च्या वर असेल एवढा विश्वास आणि खाद्याला चार-पाच लाखांची रोकड, इतके असले की जुगार खेळता येत होता.

मे

मार्चमध्ये न टाकलेले पिल्लू मेमध्ये तयार होत नाही. एप्रिलच्या मध्यापासून लोक पुन्हा चिकन मागू लागले. टाळेबंदीत सगळे घरी होते, भाजीबाजार बेभरवशाचा होता आणि तोवर एवढे कळले होते, की आजार माणसाकडून माणसाकडे येतो. डॉक्टर प्रतिकारशक्तीसाठी अंडी खा म्हणू लागले, तेव्हा फेब्रुवारीतले फॉरवर्ड कुणालाच आठवेनासे झाले. मेमध्ये बऱ्याच शहरांत चिकन किरकोळीत किलोला दोनशेच्या पुढे गेले आणि तरी दुकानात माल पुरत नव्हता. शेडवरचा भाव काही ठिकाणी शंभरीला टेकला.

हा भाव मिळाला कुणाला? मार्चच्या शेवटी ज्यांनी पिल्लू टाकले त्यांना, म्हणजे ज्यांच्याकडे धुळवडीच्या बॅचमध्ये सहा लाख बुडूनही पुढच्या खाद्याचे पैसे होते त्यांना. त्यात मोठ्या कंपन्या होत्या आणि थोडे रोकड बाळगून असलेले शेतकरी. सोने तारण ठेवून मार्चची बॅच जगवलेल्या माणसाची शेड मेमध्ये रिकामी होती, तूससुद्धा भरलेले नव्हते. खाद्याच्या दुकानदाराची जुनी उधारी फिटेपर्यंत नवे पोते मिळत नव्हते, आणि पिल्लाचा भाव तोवर पुन्हा चढला होता. जूनच्या मध्यानंतर पिल्लू टाकणाऱ्यांचा माल तयार झाला तो गटारी उलटून थेट श्रावणात, जेव्हा निम्मा महाराष्ट्र चिकन खात नाही.